तिसरी प्लेट

डॉक्टरांनी सहा महिने सांगितले, फार तर सात. घरी आल्यावर बायकोने चपला जागच्या जागी ठेवल्या, पलंगावर बसून जरा दम खाल्ला आणि मला विचारलं, "तुमचं ते सव्वीस वर्षांचं मला सहा महिन्यांत शिकवता येईल का?"

'ते' म्हणजे माझं बसणं. गेली सव्वीस वर्षं मी रोज पहाटे पाऊण तास भिंतीकडे तोंड करून बसतो आणि श्वास मोजतो. एक ते दहा, पुन्हा एक ते दहा. मन भरकटलं, आकडा हुकला, की परत एकपासून. ज्या सरांनी मला हे शिकवलं त्यांच्या मते या वाटेवर बारा पायऱ्या आहेत आणि एक पक्की झाल्याशिवाय दुसरीवर पाय ठेवायचा नाही. मी सातवीवर आहे. कुठल्या पायरीला किती वर्षं लागली, याच्या वह्या आहेत माझ्याकडे.

हे सगळं मी सुरू केलं ते रागापायी. माझा राग पहिल्यापासून नाकावर. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी भिरकावलेल्या हत्याराची खूण आमच्या वर्कशॉपच्या चौकटीवर अजून आहे. दोनदा रंगकाम झालं, पण बायकोने ती खूण बुजवू दिली नाही. पाहुणे आले की ती त्यांना दाखवायची आणि म्हणायची, हे बसायला लागायच्या आधीचं. मग माझ्याकडे बघून म्हणायची, इतकी वर्षं बसलात, आता उठा. पाहुणे हसायचे. मीही हसायचो, पण ते मला लागायचं, कारण राग काही गेला नव्हता. एवढंच झालं होतं की तो आला की मी तोंड मिटून आतल्या खोलीत निघून जायचो आणि थंड होऊन परत यायचो. त्याला मी प्रगती म्हणत होतो.

तर मी तिला म्हणालो, येईल की. म्हणतानाच मला कळलं होतं की मी थाप मारतोय.

आमचा धंदा आधी सांगायला हवा, नाहीतर पुढचं समजायचं नाही. आम्ही सपाटपणा विकतो. बिडाच्या जाड प्लेटा घेतो, फूटभर लांब, फूटभर रुंद, आणि त्यांचा वरचा भाग हाताने खरवडून इतका सपाट करतो की मोजमापाची यंत्रं तपासणारे लोक त्यावर आपली यंत्रं ठेवून खरं-खोटं ठरवतात. मशीनवरून प्लेट येते तेव्हा डोळ्याला ती सपाटच दिसते. पण एका प्लेटला निळ्या रंगाचा अगदी पातळ हात देऊन दुसरी तिच्यावर घासली, की जिथे उंचवटा असेल तिथेच निळा ठिपका उमटतो. तो ठिपका स्क्रेपरने खरवडायचा. निघतो तो कीस फुंकर मारली तर उडून जाईल इतका. मग पुसायचं, रंग द्यायचा, पुन्हा घासायचं. आधी चार ठिपके दिसतात, मग दहा, मग चाळीस. सगळीकडे सारखे दाट ठिपके आले की थांबायचं. एका प्लेटला महिना जातो.

धंदा मूळ माझ्या सासऱ्यांचा. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. त्यांनी तिघांना शिकवलं: मुलीला, मुलाला आणि मला. मी शिकायला आलो तो जावई होऊन तिथेच राहिलो. मास्तरांनी तीन मूळ प्लेटा ओतून घेतल्या होत्या, आणि त्यांच्यावरूनच आम्ही गिऱ्हाइकांच्या प्लेटा तपासतो. एक नंबर माझी, दोन नंबर मेव्हण्याची, तीन नंबर बायकोची. ज्याची त्याने सांभाळायची, दुसऱ्याच्या प्लेटला स्क्रेपर लावायचा नाही, हा मास्तरांचा दंडक. दुसरा दंडक असा, की दोन प्लेटांचं आपसात जमलं म्हणून समाधान मानायचं नाही, तिसरीला विचारायचं. हा दुसरा दंडक आम्ही इतक्या वेळा ऐकला होता की तो आम्हाला ऐकू येईनासा झाला होता.

मेव्हणा हिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. सहा वर्षांपूर्वी तो कुणा बाईंच्या व्याख्यानाला गेला आणि बदलून आला. त्या बाईंचं म्हणणं असं, की पोचायचं वगैरे काही नसतंच. जे आहे ते या क्षणी पुरं आहे, आणि साधना म्हणजे ते उद्यावर ढकलणं. माणसाने फक्त जागं व्हायचं, आणि जागं व्हायला वर्षं लागत नाहीत. मेव्हण्याला ते एका दुपारी पटलं ते पटलंच. तेव्हापासून कशावरही त्याचं उत्तर एकच, आत्ता बघा ना. हिने त्याचं नावच 'आत्ता' पाडलं. सकाळी कामावर यायला त्याला उशीर झाला की ही दारातून ओरडून विचारायची, आत्ता अजून आला नाही का?

माझी आणि त्याची सहा वर्षं जुंपलेली होती. मी त्याला आयत्या बिळावरचा म्हणायचो. तो सगळ्यांना सांगायचा, दाजी जिना चढतायत, आणि घर तळमजल्यावर आहे. प्लेटा खरवडता खरवडता आमचं हे चाले आणि ही मधे बसून आपली प्लेट खरवडत असे. ती कुणाचीच बाजू घेत नसे. तिला यातलं काही कळत नाही, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो.

मी तिला शिकवायला घेतलं. पलंगावर उशा लावून बसवलं, नाकातली ऑक्सिजनची नळी नीट केली आणि सांगितलं, डोळे मीट, श्वास आत आला की मनात एक म्हण, पुढचा आला की दोन. तीनवर तिला खोकला आला. मी म्हणालो, हरकत नाही, पुन्हा एकपासून. मग दोनवर नळी सरकली. पुन्हा एकपासून. आठवडाभरात ती तीनच्या पुढे गेली नाही.

"म्हणजे मी आपली कायम एकवरच," ती म्हणाली.

मी म्हणालो, सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं. तिची फुप्फुसं आकसत चालली होती. एकेक श्वास ती ओढून आणत होती आणि तो पुरत नव्हता. ज्या बाईला श्वास पुरत नाही तिला मी तो मोजायला लावत होतो, आणि हे माझ्या डोक्यात शिरायला आठ दिवस लागले. शिरलं तेव्हा मी ओशाळलो. ओशाळलो म्हणून चिडलो, आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीसमोर बसलो.

दुपारी मेव्हणा तिच्याजवळ बसायचा. तिचा हात हातात घेऊन म्हणायचा, ताई, बघ, या क्षणी काही बिघडलंय का? आणि खरं सांगायचं तर तिच्या कपाळावरच्या आठ्या जायच्या. दारातून ते बघताना माझ्या पोटात दुखायचं. सव्वीस वर्षं मी कष्ट उपसले आणि हा पठ्ठ्या पाच मिनिटांत तिला शांत करतो. पण तो पाचला जायचा आणि साडेपाचला तिची मूठ चादरीवर आवळलेली असायची. एकदा संध्याकाळी मी तिला विचारलं, तो असताना बरं वाटतं ना? ती म्हणाली, तो असताना मी त्याच्यासाठी बरी असते. भीती वाटतेय म्हटलं तर त्याचं तोंड एवढंसं होतं.

कसली भीती, मी विचारलं. मरायची? ती म्हणाली, जाऊ द्या, पाणी द्या जरा.

तेवढ्यात वर्षाचं काम आलं. वर्षातून एकदा त्या तीन मूळ प्लेटा एकमेकींवर घासून पुन्हा बरोबर कराव्या लागतात, कारण वापराने त्याही झिजतात. तपासणीच्या एका प्रयोगशाळेला नवी प्लेट हवी होती आणि त्याआधी आमच्या मूळ प्लेटा खऱ्या असायला हव्या होत्या. मी आणि मेव्हणा कामाला लागलो. तीन नंबर मेणकापडाखाली झाकलेली होती. ते कापड दोघांपैकी कुणीच उचललं नाही. तिची प्लेट, तिला बरं वाटलं की ती बघेल, असं मी म्हणालो, आणि त्याने लगेच मान डोलावली. तिला बरं वाटणार नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं.

माझी एक नंबर आणि त्याची दोन नंबर, दोघींवरच आम्ही काम केलं. पहिले चार दिवस भांडत. मी म्हणालो, तुझ्या त्या क्षणाला संध्याकाळी साडेपाच वाजता काय होतं ते येऊन बघ. तो म्हणाला, तुमच्या सातव्या पायरीवरून ताई दिसते का? मग पाचव्या-सहाव्या दिवशी ठिपके दाट व्हायला लागले, आणि का कोण जाणे, आमचाही आवाज खाली आला. तो म्हणाला, काही माणसांना पायऱ्या लागत असतील, नाही असं नाही. मी म्हणालो, पायऱ्या कुठेतरी संपतही असतील. दहाव्या दिवशी आमचं एकमत झालं. सकाळी तिने श्वासाऐवजी ऑक्सिजनच्या मशीनचे ठोके मोजायचे, मी सांगेन तसे. दुपारी मोजणं सोडून द्यायचं आणि त्याच्याबरोबर नुसतं राहायचं. आधी पायरी, मग पायरी सोडणं. सहा वर्षांत जे जमलं नव्हतं ते जमलं, म्हणून आम्ही एकमेकांची पाठ थोपटली. अकराव्या दिवशी दोन्ही प्लेटांवर गोवर उठल्यासारखे दाट, सारखे ठिपके उमटले. इतकी सुंदर जोडी माझ्या हातून आयुष्यात झाली नव्हती.

हात धुऊन आम्ही तिला योजना सांगायला गेलो. तिची खोली वर्कशॉपला लागूनच, मधे एक भिंत. ती उशांना टेकून बसली होती. मेव्हण्याने वाक्य सुरू करावं आणि मी पुरं करावं, असं आमचं चाललं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"छान जमलंय तुमचं दोघांचं," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "माझी प्लेट कुठाय?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"अकरा दिवस इथे पडून ऐकतेय मी. एक आणि दोन, एक आणि दोन. तिसरीचा आवाज एकदाही आला नाही."

तीन नंबरच्या पोटाखालची एक बरगडी ओतताना तडकली होती. घासताना तिच्यातून बारीक शीळ येते. हे मला तीस वर्षं माहीत होतं, आणि वर्कशॉपमध्ये उभा असूनही मला ती शीळ येत नाहीये हे कळलं नव्हतं. मेव्हणा म्हणाला, ताई, ती तुझी, आम्ही कसा हात लावणार. आणि मी म्हणालो, दोघींचं इतकं बेमालूम जमलंय की तिसरीची गरजच नाही. मास्तरांच्या मुलीसमोर मी हे बोललो.

ती म्हणाली, घेऊन या इथे.

तीन नंबर आम्ही दोघांनी उचलून आणली आणि तिच्या पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवली. तिने मेणकापड काढलं आणि तळहाताने ती पुसली, झोपेतून उठलेल्या लेकराचं तोंड पुसावं तशी. मग म्हणाली, दोन ठेवा वर. आम्ही ठेवली. तिने एक बोट पुढे केलं आणि दोन नंबरच्या कोपऱ्याला जरासं ढकललं.

दोन नंबर गरकन फिरली.

धंद्यातल्या माणसाला पुढे काही सांगावं लागत नाही. सपाट प्लेट सपाट प्लेटवर अशी फिरत नाही. ती चिकटल्यासारखी जड सरकते. मधोमध फुगलेली असेल तरच ती पोटावर भोवऱ्यासारखी फिरते. तीन नंबरला तर स्क्रेपर लागलाच नव्हता, म्हणजे फुगली होती ती दोन नंबर. आणि ती माझ्या एक नंबरशी तंतोतंत जुळत होती, याचा अर्थ माझी तेवढीच खोलगट झाली होती. ओंजळीत चेंडू बसावा तशा त्या एकमेकींत बसल्या होत्या. अकरा दिवस आम्ही दोघांनी मिळून, अगदी काळजीपूर्वक, एकमेकांना साजेशी चूक केली होती. पहिल्या महिन्यातल्या शिकाऊ माणसाला मास्तर याच चुकीसाठी घरी पाठवायचे.

माझे कान तापले. तिच्या चेहऱ्यावर मात्र जिंकल्याचं काही नव्हतं. ती दमली होती.

"एक म्हणतो, हळूहळू पोचशील," ती म्हणाली. "एक म्हणतो, पोचलेलीच आहेस. आता दोघांनी मिळून वेळापत्रक केलंत. मला कुठे जायचंय, असं कुणी विचारलं का?"

"कुठे जायचंय, ताई?" मेव्हण्याने विचारलं.

"कुठेच नाही रे. मला भीती वाटते." ती श्वासासाठी थांबली. आम्हीही थांबलो. "ती घालवा असं म्हणत नाहीये मी. दुपारी तुम्ही दोघं इथे असता. यांचं लक्ष पुढच्या पायरीवर असतं. तुझं लक्ष माझ्यात काहीतरी चांगलं शोधण्यात असतं. मी अशीच जाईन एखाद्या दुपारी. तुम्ही दोघं उशाशी असाल आणि खोलीत कुणी नसेल. त्याची भीती वाटते."

मी म्हणालो, "पण शिकवा म्हणून तूच म्हणालीस."

"म्हटलं, त्या निमित्ताने तरी माझ्याकडे तोंड करून बसाल."

सव्वीस वर्षं रोज पाऊण तास मी भिंतीकडे बघितलं होतं. मनातल्या मनात मी त्याची बेरीज करायला लागलो, आणि करतोय हे लक्षात आल्यावर थांबलो.

मग नवी पद्धत सुरू झाली, आणि ती तिने ठरवली. खरवडायचं काम वर्कशॉपमध्येच, कारण बिडाचा कीस तिच्या छातीला चालणार नव्हता. पण रंग देणं, घासणं आणि ठिपके बघणं तिच्या खोलीत, तिच्या प्लेटवर. पंचवीस किलोची प्लेट दोघांनी उचलायची, आत न्यायची, तिने ठिपके बघून खडूने खुणा करायच्या, की परत उचलून बाहेर. दिवसातून पंधरा-सोळा फेऱ्या व्हायच्या. माझी कंबर मोडली. मेव्हणा सहा वर्षांत पहिल्यांदा सकाळी वेळेवर यायला लागला.

निळा रंग द्यायचा तो तिनेच. यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. रंग जाड झाला की प्लेट खोटं बोलते, नसलेला स्पर्शही दाखवते. ती अंगठ्याने थेंबभर रंग घ्यायची आणि तळहाताने तो इतका पसरायची की बीड जेमतेम निळसर दिसावं. ते चालू असताना आम्ही बोलत नसू. मशीनचा आवाज, तिच्या हाताचा आवाज, मग घासताना तिसरीची ती बारीक शीळ. दोन नंबरचा फुगवटा रोज तीळ तीळ खाली येत होता. तिचं वजनही.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी आम्ही दोन नंबर आत आणली. तिने रंग दिला, आम्ही घासली, उलटी केली, तर सगळी प्लेट एकजात निळी. ठिपका असा नाहीच. पुसली. पुन्हा दिला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा रंग चादरीवर सांडला, आणि माझ्या डोक्यात सणक गेली. मी ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहिणार नाही. मरायला टेकलेल्या बायकोवर कुणी ओरडू नये असं काहीतरी ओरडलो. मेव्हणा खाली मान घालून उभा राहिला. मी तोंड मिटलं आणि सवयीने आतल्या खोलीकडे वळलो.

दारापर्यंत गेलो तेव्हा मागून तिने एवढंच विचारलं, "कुठे?"

त्या खोलीत माझी भिंत होती, माझ्या वह्या होत्या. पाऊण तासाने मी तिथून अगदी शांत होऊन बाहेर आलो असतो. मी दारात उभा राहिलो. राग उतरला नव्हता, कानशिलं तडतडत होती. तसाच परत फिरलो आणि तिच्यासमोरच्या स्टुलावर बसलो. तिने हात चादरीवर ठेवला होता. निळा हात. तो थरथरत होता, आणि तो तसा कधीपासून थरथरत होता, हे मी बघितलंच नव्हतं.

"मी चिडलो," मी म्हणालो, "कारण तुझा हात कापतोय. गेल्या आठवड्यात कापत नव्हता. आणि मला काही करता येत नाहीये."

ती माझ्याकडे बघत राहिली. खूप वेळ. मीही बघत राहिलो. मग ती म्हणाली, "हं. आलात." आणि जरा दम घेऊन म्हणाली, "सव्वीस वर्षं लागली, पण आलात."

मेव्हण्याने ओलं फडकं आणलं आणि तिच्या पायाशी बसून तिच्या हाताचं एकेक बोट पुसायला लागला. या क्षणी काही बिघडलंय का, असं त्याने विचारलं नाही. त्याने विचारलं, ताई, आज खूप भीती वाटतेय का? ती हो म्हणाली. तो म्हणाला, मलाही. एवढं बोलून तो रडायला लागला आणि तिने आपला ओला हात त्याच्या डोक्यावर ठेवला. त्याच्या पांढऱ्या केसांवर निळा पट्टा उमटला. तो बघून तिला हसू आलं, हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला थांबेपर्यंत आम्ही तिघं तिथेच होतो.

त्यानंतर रंग द्यायच्या वेळी मी तिचा हात माझ्या हातात धरायचो. हात माझा फिरायचा, ती फक्त सांगायची, पातळ, अजून पातळ. दोन नंबर बरोबर झाली. मेव्हण्याने ती तिसरीवर ठेवली आणि तिने कोपऱ्याला बोट लावून ढकलली. प्लेट जागची हलली नाही. ती म्हणाली, आता यांची. म्हणजे माझी. माझा खळगा अर्ध्यावर आला तेव्हा तिला उठून बसता येईनासं झालं.

ती गेली ती दुपारीच. तीनच्या सुमारास. मी तिचा हात धरून बसलो होतो आणि मेव्हण्याने तिची पावलं हातात घेतली होती, कारण ती गार पडत होती. तिच्या दोन श्वासांमधलं अंतर वाढायला लागलं होतं. सवय वाईट असते. मी मोजायला लागलो. फरक एवढाच की मी तिचा मोजत होतो. एक. बराच वेळ गेला, मग पुढचा आला, आणि मी दोन म्हणायला हवं होतं. मला ते म्हणता आलं नाही. दोन म्हणण्यासाठी आधीचा एक कुठेतरी जपून ठेवावा लागतो, आणि पुढे तीन असेल असं धरावं लागतं. मी एक म्हणालो. पुढच्यालाही एक. मी तिच्या कानाशी वाकून सांगितलं, मी इथेच आहे, मीही एकवरच आहे. तिचं बोट माझ्या हातात हललं, किंवा मला तसं वाटलं. एक. मेव्हणा तिच्याकडे बघत होता, माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर भीती स्पष्ट दिसत होती, आणि तो ती लपवत नव्हता. एक. त्याच्यापुढच्याची मी जशी वाट बघितली तशी आयुष्यात कशाचीच बघितली नाही.

मशीन चालूच होतं. काही वेळाने मेव्हणा उठला आणि त्याने ते बंद केलं.

माझी एक नंबर मी पुढे पुरी केली, तिसरीला विचारत विचारत. एकट्याने रंग द्यायला मला अजून तिच्याइतका पातळ हात जमलेला नाही. तीन नंबरला आम्ही दोघांपैकी कुणीही स्क्रेपर लावलेला नाही. पुढच्या वर्षी तीही झिजलेली असेल आणि तेव्हा कुणीतरी तो लावावा लागेल. कुणी, ते आम्ही अजून बोललेलो नाही. त्या दुपारी मी दारातून मागे फिरलो ते सव्वीस वर्षं बसलो म्हणून, की तिने 'कुठे' म्हटलं त्या एका क्षणाने, यावर मेव्हण्याचं एक मत आहे आणि माझं एक. आम्ही भांडत नाही. विचारायला तिसरं कुणी नाही.

पहाटे मी अजून बसतो. वह्या बंद केल्या. आता भिंतीकडे पाठ असते आणि समोर तिचा पलंग असतो. श्वास आला की एक म्हणतो.